रातपाळी, दहा बाय दहाची खोली आणि पेटी-पलंग

बेल्लमपल्लीसारख्या कोळशाच्या गावात पेटी-पलंग घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने आधी एकच विचारावं: घरात रातपाळी कुणाची आहे? हे सहसा कुणी विचारत नाही. लाकूड कोणतं, सनमायका कोणत्या रंगाचा, गादी फुकट मिळणार का, यावरच सगळी घासाघीस होते. पलंग घरी येतो, त्याच्या पोटात अर्धा संसार भरला जातो, आणि आठवड्याभरात अडचण कळते. खाणीत दिवसाच्या तीन पाळ्या चालतात. रात्रभर जमिनीखाली राबून आलेला माणूस सकाळी चार घास खाऊन जो आडवा होतो तो दुपारपर्यंत उठत नाही. त्याच वेळी मुलाला हवी असलेली कंपासपेटी, पाहुण्यांसाठीची चादर, गॅसच्या पुस्तकाची पिशवी, सगळं त्याच्या पाठीखाली बंद असतं. झोपलेल्या माणसासकट पलंग उचलण्याची सोय अजून बाजारात आलेली नाही.

हे गाव कोळशामुळेच वाढलं. सिंगरेणी कंपनीच्या खाणी या भागात १९२०च्या दशकाच्या अखेरीस आल्या आणि १९२९ साली काझीपेट–बल्लारशाह हा रेल्वेमार्ग पुरा झाल्यावर कोळशाला उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही दिशा मोकळ्या झाल्या. निजामाच्या राज्यातलं हे ठिकाण पुढे आदिलाबाद जिल्ह्यात राहिलं, ऑक्टोबर २०१६ पासून ते मंचिर्याल जिल्ह्यात आहे. रेल्वेच्या याच मार्गाने उत्तरेकडे गेलं की चंद्रपूर जिल्हा लागतो, त्यामुळे मराठी इथे परकी नाही. पण खाणगावातली घरं, मग ती कंपनीची क्वार्टर असोत की त्यांच्या आजूबाजूला उभी राहिलेली भाड्याची, ऐसपैस क्वचितच असतात. दहा बाय दहाची झोपायची खोली मिळाली तरी लोक समाधानी. राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहत्या खोलीचं किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर धरलं आहे, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. आपली दहा बाय दहा त्या किमान रेषेच्याही दोन बोटं खालीच.

एकाच बिछान्यावर पाळीपाळीने झोपण्याचा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत दहा-बारा गडी राहत आणि पाळ्यांप्रमाणे झोपत. बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे पलंग ही चैनच होती. वळकटी गुंडाळून भिंतीशी लावली की त्याच जागेवर जेवणाची पंगत बसायची. सामान ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर, कपडे दांडीवर. जागा वाचवणारा बिछाना म्हणून वळकटीला आजही तोड नाही, हे मला मनापासून वाटतं. पण गुडघे कुरकुरायला लागले की जमिनीवरून उठणं नको होतं, विंचवाकिड्याची भीती असते, आणि मुलीला बघायला येणारे पाहुणे खोलीत पलंग आहे का हे बघतात. त्यामुळे पलंग येणारच. प्रश्न एवढाच, की कोणता.

आधी त्याच्या पोटाचा हिशेब करू. पाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब अशा पलंगाची पेटी आतून दहा इंच खोल असेल तर तिच्यात सुमारे २७ घनफूट जागा होते. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल अशा लोखंडी आलमारीत होते २९ घनफूट. म्हणजे पलंगाच्या पोटात जवळजवळ एक आख्खी आलमारी बसते, आणि तीही जमिनीचा एक इंच जास्त न अडवता, कारण पलंग तेवढी जागा अडवणारच होता. पेटी-पलंगाचं आकर्षण आहे ते इथे. आलमारीचं दार मात्र केव्हाही उघडता येतं, पलंगाचं येत नाही, आणि ही गोष्ट घनफुटांत मोजता येत नाही. म्हणून पेटी-पलंग निवडताना त्यात किती मावतं यापेक्षा तो उघडतो कसा आणि केव्हा, हे आधी बघावं.

उघडण्याच्या तीन रीती आहेत. सगळ्यात जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे फळ्यांची. गादी गुंडाळायची, खालच्या प्लायच्या दोन-तीन फळ्यांपैकी एक उचलायची, हवं ते काढायचं. बिघडायला त्यात काही नाही. मात्र घरात कापसाची भरीव गादी असेल तर ती एकट्या बाईला दुमडणं जड जातं. मग तो कप्पा दिवाळीला एकदा उघडतो. तसा उघडायचा असेल तर तक्रार नाही. जादा रजया, लग्नातली पितळी भांडी, थंडीत कूलरच्या काढून ठेवलेल्या जाळ्या यांना वर्षातून एकदाच उजेड दिसला तरी चालतं.

दुसरी रीत खणांची, म्हणजे ड्रॉवरची. माणूस वर घोरत असला तरी खण ओढता येतो, म्हणून रातपाळीच्या घरात ड्रॉवरला पर्याय नाही. पण ड्रॉवर जागा मागतो. हिशेब असा: दहा फुटी खोलीत पाच फुटी पलंग एका कोपऱ्याला लावला, समोरच्या भिंतीला दीड फूट खोल आलमारी, तर मधे साडेतीन फुटांचा बोळ उरतो. दोन फुटी खण पूर्ण बाहेर आला की उकिडवं बसायला दीड फूट. जेमतेम, पण जमतं. तोच पलंग सहा फुटी घेतला तर बोळ अडीच फुटांचा होतो आणि खण ओढल्यावर उरतं सहा इंच. तेवढ्यात मांजर बसेल. ‘किंग साइज’ आणि ड्रॉवर या दोन गोष्टी दहा बाय दहाच्या खोलीत एकत्र घेतल्या तर ड्रॉवर कायमचे अर्धे उघडणार, हे लिहून ठेवा.

ड्रॉवरची दुसरी बाजूही सांगायला हवी. भिंतीला टेकलेल्या पलंगाला एकाच बाजूने दोन खण बसतात. प्रत्येकी तीन फूट रुंद, दोन फूट खोल, आठ इंच उंच धरले तर दोन्ही मिळून आठ घनफूट. पोटात जागा २७ घनफूट, त्यातली आठच वापरात. भिंतीकडचा भाग रिकामा पडून राहतो, तिथे उंदीर संसार थाटतो. मिस्त्री लोक हा भाग बंद करून टाकतात, कारण ते सोपं असतं. त्यांना सांगून तिथे वरून उचलायची फळी ठेवून घ्यावी. बोळाच्या बाजूला रोजचे ड्रॉवर, भिंतीच्या बाजूला वर्षाचे कप्पे. लहान खोलीसाठी माझ्या मते हा मिश्र पलंग सर्वांत शहाणा, आणि तो शोरूममध्ये सहसा मिळत नाही. सुताराकडूनच करून घ्यावा लागतो.

खण चाकांवर असावेत की चॅनेलवर? फरशी सपाट टाइलची असेल तर चाकांचे सुटे खण स्वस्त पडतात, आणि अख्खा खण बाहेर काढून खालचा केरही काढता येतो. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर मात्र चाकं अडखळतात. तिथे पलंगाच्या चौकटीला बसवलेले लोखंडी टेलिस्कोपिक चॅनेल बरे. पुस्तकं ठेवणार असाल तर चॅनेल किती किलोंचा भार घेतो ते विचारून घ्या. पुस्तकांचा खण कपड्यांच्या खणाच्या कितीतरी पट जड होतो.

तिसरी रीत सध्या सगळ्यांना हवी असते: हायड्रॉलिक. एका हाताने उचललं की गादीसकट अख्खा पलंग वर जातो आणि तिथेच थांबतो. दुकानात हा प्रयोग बघणाऱ्याचे डोळे मोठे होतात. नाव हायड्रॉलिक असलं तरी दोन्ही बाजूंच्या नळ्यांत दाबलेला नायट्रोजन वायू असतो, तेल असतं ते फक्त दट्ट्या हळू सरकावा म्हणून थोडंसं. वायू दट्ट्याला सतत बाहेर ढकलत असतो, पलंगाचं वजन त्याला आत ढकलत असतं, आणि या दोन जोरांचा तोल साधलेला असतो. हा तोल गादीच्या वजनावर ठरतो. पाच बाय साडेसहा फुटांची १२ मिलिमीटर प्लायची फळी सुमारे २४ किलोंची, वर लाकडी चौकट, वर गादी. फोमच्या हलक्या गादीच्या हिशेबाने नळ्या बसवल्या आणि घरी जाऊन सासूबाईंची कापसाची गादी टाकली, तर पलंग वर थांबतच नाही. उलट जड गादीच्या नळ्यांवर हलकी गादी टाकली तर बंद करताना त्यावर बसावं लागतं. ऑर्डर देतानाच गादी कोणती, हे मिस्त्रीला सांगा.

आणि काही वर्षांनी वायू गळतो. नळीच्या तोंडाशी असलेलं रबरी सील झिजतं, जोर कमी होतो. पलंग वर थांबेनासा झाला की लोक लाकडी काठीचा टेकू देतात आणि डोकं आत घालून सामान काढतात. कृपा करून हे करू नका. २०२४ साली इंग्लंडमध्ये डरहॅम परगण्यात अशाच वायूच्या नळ्यांच्या पलंगाचा वरचा भाग मानेवर कोसळून एका बाईचा जीव गेला. नळीत दोष होता असं तिथल्या मृत्यूच्या चौकशीत निघालं आणि चौकशी अधिकाऱ्याने सरकारला लेखी इशारा दिला. नळी सैल वाटायला लागली की दोन्ही एकदम बदलाव्यात. एक जुनी आणि एक नवी ठेवली तर पलंग वाकडा उचलला जातो आणि बिजागरी फाटते. लहान मुलांचं घर असेल तर हायड्रॉलिक पलंगाला कडी असलीच पाहिजे. लपाछपीसाठी याहून आकर्षक जागा घरात दुसरी नसते.

आणखी एक अडचण दुकानात दिसत नाही, ती म्हणजे मच्छरदाणी. आपल्याकडे ती पलंगाच्या चार खांबांना किंवा भिंतीतल्या खिळ्यांना बांधलेली असते. रोज पलंग उचलायचा म्हटलं की रोज मच्छरदाणी सोडा आणि बांधा. चार दिवसांत कंटाळा येतो, आणि मग एकतर पोटातलं सामान विस्मरणात जातं, नाहीतर मच्छरदाणी.

भिंतीत दुमडून उभा करायच्या पलंगाबद्दलही विचारलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फी नावाच्या माणसाने १९१०च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. तो इतका रुजला की १९८९ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘मर्फी बेड’ हे नाव आता कुणा एका कंपनीचं राहिलं नाही असा निकाल दिला. दिवसा पलंग भिंतीत, रात्री खाली, अशी त्याची युक्ती. पण जिथे कुणीतरी दिवसा झोपतं तिथे ती लंगडी पडते. शिवाय त्याचा सगळा भार भिंतीतल्या बोल्टवर असतो. साडेचार इंची भिंतीत ते बोल्ट धरतील का हे बघावं लागतं, आणि क्वार्टरची भिंत मुळात आपली नसतेच. मजल्यांचे पलंगही इथे नकोतच. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात तापलेली हवा साठते, आणि पोरगं झोपेत हात वर करतं तेव्हा पंखा जवळ असतो.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. जुन्या घरांत बाज किंवा नवारीची खाट असायची. ती रात्री अंगणात निघायची, सकाळी आत यायची. पेटी-पलंग ही सोय काढून घेतो. तो एकदा कोपऱ्यात बसला की उठत नाही. म्हणून दोन जणांसाठी भला मोठा पेटी-पलंग घेण्याऐवजी एक तीन फुटी पेटी-पलंग आणि एक हलकी घडीची खाट असा जोड कित्येक घरांना जास्त सोयीचा पडेल. कुणी ऐकत नाही, पण मी सांगत राहणार.

आणि कूलर. खिडकीतल्या कूलरचा झोत थेट पलंगाच्या बाजूवर येत असेल तर त्या ओल्या हवेने पेटीतल्या कपड्यांना कुबट वास लागतो. पावसाळ्यात तर बुरशीचे ठिपके. पेटी सर्व बाजूंनी बंद असली की ओल आत अडकते. उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना मिस्त्रीकडून चार-सहा भोकं पाडून घ्यावीत आणि त्यांना आतून बारीक जाळी मारावी. वरच्या फळीलाही भोकं हवीत, म्हणजे गादीला खालून हवा लागते. नाहीतर घामाची वाफ प्लायवर थांबते आणि काथ्याची गादी खालून काळी पडते.

आत काय ठेवू नये, हे आता स्पष्ट सांगतो. धान्य ठेवू नये. वर्षाचं धान्य भरून ठेवायची आपली रीत चांगलीच आहे, पण त्यात कीड लागू नये म्हणून सल्फासच्या गोळ्या टाकायची सवय जीवघेणी आहे. गोळीतलं ॲल्युमिनियम फॉस्फाइड हवेतल्या ओलाव्याने फुटतं आणि त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. कूलरची हवा दमट, पेटी काही हवाबंद नाही, आणि झोपणाऱ्याचं नाक वीतभर वर. फॉस्फिनवर उतारा नाही. देशात बंद खोल्यांमध्ये या गोळ्यांनी माणसं दगावली आहेत, मुलं जास्त. धान्याची कोठी झोपायच्या खोलीच्या बाहेरच असावी आणि या गोळ्या घरात आणूच नयेत. तान्ह्या बाळाचे कपडे डांबरगोळ्यांबरोबर ठेवले असतील तर तेही धुऊन, उन्हात वाळवूनच घालावेत. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मतःच कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात आणि कावीळ चढते.

लाकडाचं बोलू. आदिलाबाद आणि चंद्रपूर हे सागाचे जिल्हे. बल्लारशाहच्या वन आगारातला साग २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला. सागाच्या आतल्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. बाहेरच्या फिकट भागाला मात्र ती संरक्षणाची देणगी नाही, त्यामुळे ‘साग आहे’ म्हणून फिकट पट्ट्या गळ्यात मारल्या जात नाहीत ना, हे बघायला हवं. आणि बिल मागायलाच हवं. जन्नारमच्या बाजूला कवाल व्याघ्र प्रकल्प आहे, २०१२ साली तो जाहीर झाला, आणि त्या जंगलातून सागाची चोरटी तोड ही जुनी डोकेदुखी आहे. स्वस्तात मिळणारा बिनबिलाचा साग म्हणजे बहुतेक तोच.

बहुतेकांचा पलंग मात्र प्लायचाच असतो. त्यावर एमआर छापलेलं असेल तर ते फक्त दमटपणा सोसणारं, पाणी नव्हे. कूलरच्या शेजारी आणि फरशी पुसायच्या खोलीत बीडब्ल्यूआर किंवा त्याहून वरच्या दर्जाचं घ्यावं, आयएसआयची खूण बघून. पार्टिकल बोर्ड दिसायला देखणा, पण पायाशी पाणी लागलं की फुगतो आणि पुन्हा बसत नाही. नव्या प्लायला जो डोळ्यांत झोंबणारा वास येतो तो डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. घाबरून जायचं कारण नाही, पण नवीन पेटी काही आठवडे उघडी ठेवून खिडकी मोकळी ठेवावी आणि मगच कपडे भरावेत.

पेटी जमिनीला टेकवू नका. तीन-चार इंचांचे पाय ठेवले की केरसुणी खालून फिरते आणि वाळवी चढायला लागली तर तिचा मातीचा बोगदा पायावरच दिसतो. जमिनीला चिकटलेल्या पेटीत वाळवी कळते ती लग्नाचा शालू उघडल्यावर. उंचीचंही बघा. गादीसकट पलंग जमिनीपासून साधारण अठरा इंच असला की म्हातारी माणसं पाय टेकवून उठू शकतात. पोट मोठं करण्याच्या नादात मिस्त्री तो दोन फुटांवर नेतो आणि आजीला स्टूल लागतं.

राहिला क्वार्टरचा विषय. कंपनीचं घर नोकरीपुरतं. निवृत्त झालं की ते सोडावं लागतं आणि पलंग दुसऱ्या घराच्या दारातून आत न्यावा लागतो. आतल्या खोलीचं दार बहुधा अडीच फुटांचं. पाच बाय साडेसहाची एकसंध पेटी आडवी त्यातून जात नाही, आणि उभी करून वळवायला दाराशी जागा नसली तर ती करवतीने कापावी लागते. म्हणून डोक्याकडची फळी, पायत्याची फळी, दोन बाजू आणि मधला आधार हे सगळे भाग नटबोल्टने जोडलेले हवेत. डिंक आणि खिळे फक्त त्या-त्या भागाच्या आत. मिस्त्री कुरकुर करेल, चार पैसे जास्त मागेल. ते द्यावेत, आणि पलंग पूर्ण झाल्यावर त्याच्याकडूनच एकदा सुटा करून पुन्हा जोडून घ्यावा, मगच शेवटचा हप्ता चुकता करावा.